गोव्यातून कलेचा इतिहास शिकायचा तर: प्रवेश, कागदपत्रे आणि देवळा-इगर्जीसमोरची पहिली वही

'कलेचा इतिहास शिकायचा आहे' असे घरात सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'म्हणजे आल्तिनोला? पण तुला चित्र कुठे काढता येते?' विचारणाऱ्याचा दोष नाही. गोव्यात कला म्हटले की पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचे कला महाविद्यालय आठवते आणि इतिहास म्हटले की सनावळ्या. या दोन्हींच्या मधला हा विषय फारसा कोणाला ठाऊक नसतो. म्हणून अर्ज चुकीच्या ठिकाणी जातात, दाखले उशिरा निघतात, आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्या सहामाहीत 'यात करायचे काय असते' हाच गोंधळ उरतो. पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या.

## १. आधी विषय ओळखा

कलेच्या इतिहासात चित्र काढावे लागत नाही. वस्तू पाहायची, तिचे नेमके वर्णन करायचे, ती कधी, कशी, कोणासाठी आणि कोणाच्या हातून घडली हे पुराव्याने मांडायचे. वस्तू म्हणजे देऊळ, मूर्ती, इगर्जीतली (चर्चमधली) लाकडी वेदी, तैलचित्र, नाण्यावरचे चिन्ह, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, काहीही. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी रंगवलेली मराठी मुखपृष्ठे हाही या विषयाचा पूर्ण हक्काचा ऐवज आहे.

कामचलाऊ रेखाटन मात्र यावे लागते. खांबाचा छेद, कोनाड्याची जागा, मूर्तीच्या हातांची मांडणी एवढे पेन्सिलीने दाखवता आले की पुरे. देखणेपणाला गुण नाहीत.

स्वतःची एक चाचणी घ्या. मंगेशीच्या दीपस्तंभासमोर वीस मिनिटे मोबाइल न काढता उभे राहा आणि दिसेल ते लिहा. दहाव्या मिनिटाला कंटाळा आला तर काळजी नको, तो सगळ्यांना येतो. पंधराव्या मिनिटाला आधी न दिसलेले काही दिसू लागले, तर हा विषय तुम्हाला जमेल.

## २. कुठे शिकता येते

गोव्यात हा विषय बहुधा दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पोटात शिकवला जातो, त्यामुळे इथे राहून शिकायचे तर वाट थोडी वळणाची आहे.

गोवा कला महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात तिथे प्राचार्य होते. तिथली पदवी मुख्यतः हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. प्रवेशाला अभियोग्यता चाचणी असते, आणि कलेचा इतिहास हा तात्त्विक भाग म्हणून येतो. चित्रकार व्हायचे नसेल तर केवळ या विषयासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. दुसरी वाट म्हणजे कोणत्याही महाविद्यालयात इतिहास घेऊन बी.ए. आणि मग ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात इतिहासात एम.ए. प्रबंधिकेचा विषय देऊळ, इगर्ज, घरे किंवा चित्रकार यांतला घेता येतो. त्यासाठी मार्गदर्शक आधी हेरून ठेवावा लागतो.

बाहेरची ठिकाणे:

- बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ. ललित कला शाखा १९५० ची, कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र असा स्वतंत्र विभाग, पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही.
- शांतिनिकेतनचे कलाभवन. तिथेही कलेच्या इतिहासाचा वेगळा विभाग आहे. आंजेलो द फोन्सेका गोव्याच्या सांतु इश्तेव्हांवरून तिथेच शिकायला गेले होते.
- दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, फक्त पदव्युत्तर आणि पुढे. तिथे चित्र-शिल्पाबरोबर नाट्य आणि चित्रपटाचाही अभ्यास आहे.
- चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, एम.ए.
- नोएडाची भारतीय वारसा संस्था, म्हणजे पूर्वीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था. कलेचा इतिहास, संग्रहालयशास्त्र आणि जतन असे तीन वेगळे एम.ए. फॉर्मवर कोणता निवडला हे दोनदा वाचा. जतनाच्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्र येते.
- पुण्याचे डेक्कन कॉलेज. विषय प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व. मूर्ती आणि मंदिर यांतच रस असेल तर उत्तम, आधुनिक चित्रकलेसाठी नव्हे.

नोकरी करत चाचपून पाहायचे असेल तर मुंबईत ज्ञानप्रवाह आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालवतात.

आमचे मत विचाराल तर, विषयाबद्दल शंभर टक्के खात्री नसेल तर बी.ए. गोव्यातच करा. पहिल्या तीन वर्षांत जे पाहायचे ते इथे दाराशी आहे आणि घरचे जेवणही आहे. खात्री असेल तर बारावीनंतरच बडोदे गाठा. तिथे बाजूच्या खोलीत कोणीतरी प्रत्यक्ष धातू ओतत असतो, ते वातावरण पुस्तकातून मिळत नाही.

सापळा: गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. पण तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए. किती वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीवर किती, हे प्रत्येक विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पत्रकात पाहा. मित्राने गेल्या वर्षी काय केले त्यावर जाऊ नका.

## ३. प्रवेश परीक्षा

केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुधा सीयूईटी-पीजी ही सामायिक परीक्षा लागते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ती मार्चमध्ये सुरू झाली. म्हणजे शेवटच्या वर्षाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, नाताळाच्या सुमारास, अर्जाकडे लक्ष ठेवावे लागते. गोव्यातली मुले नेमकी त्याच दिवसांत जत्रा, फेस्त (इगर्जीचा सण) आणि पाहुण्यांत अडकलेली असतात.

सापळा: परीक्षेचा फॉर्म आणि विद्यापीठाचा फॉर्म हे दोन वेगळे फॉर्म आहेत. परीक्षा देऊन चांगले गुण मिळाले तरी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी केली नाही तर यादीत नाव येत नाही. दुसरे असे की परीक्षेचा पेपर विषयानुसार निवडायचा असतो. हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर चालतो हे आधी विद्यापीठाच्या पत्रकात पाहून मगच निवडा, नावावरून अंदाज करू नका.

मुलाखत किंवा निवेदन असेल तर 'मला लहानपणापासून कलेची आवड आहे' हे वाक्य टाळा, ते प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी एकच वस्तू घ्या, तुमच्या गावातली, आणि तिच्याबद्दल तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न लिहा. 'आमच्या देवळाच्या घुमटाखाली इगर्जीसारखे खांब का?' हा प्रश्न दोन पानांच्या आवडीनिवडीपेक्षा वजनदार आहे.

## ४. कागदपत्रे

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे, मूळ आणि तीन साक्षांकित प्रती
- पदवीच्या सर्व सहामाहींच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या राज्यात जात असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. बारावीनंतर जाताना ते बोर्डाकडून, पदवीनंतर विद्यापीठाकडून
- जन्मदाखला आणि आधार
- गोव्यातल्या जागांसाठी मामलेदार कार्यालयाचा रहिवास दाखला
- लागू असल्यास जातीचा, नॉन-क्रीमी लेयरचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला
- मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट आकाराचे दहा फोटो, सगळे एकाच वेळचे

यांतले दोन कागद सर्वाधिक रडवतात.

पहिला म्हणजे नाव. गोव्यात एकाच घरात आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे सुखाने नांदतात. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतो, कामत 'सी'ने, आणि नाईकाच्या शेवटी 'क्यू' येतो. वडिलांच्या जन्मदाखल्यावर एक, तुमच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे. गोव्यातला कारकून हे पाहून मान हलवतो आणि पुढे जातो. बडोद्याचा किंवा दिल्लीचा कारकून फाइल बाजूला ठेवतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग प्रमाण माना, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा. नाव मुळातच बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्याची प्रक्रिया सावकाश चालते. प्रवेशाच्या महिन्यात ती सुरू करण्यात हशील नाही.

दुसरा कागद आरक्षणाचा. राज्याची ओबीसी यादी आणि केंद्राची यादी एक नाही. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. मामलेदार कार्यालयात अर्ज करताना 'केंद्र सरकारच्या नमुन्यात' असे तोंडी नव्हे, अर्जावर लिहून मागा. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याआधीचे जुने कौटुंबिक दाखले घेऊन जाणाऱ्यांनी नवीन दाखला काढावा.

शुल्कासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आणि राज्याची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना या दोन्हींचे चालू नियम पाहून ठेवा.

## ५. वस्तूसमोर कसे उभे राहायचे

प्रवेश झाला की पहिला स्वाध्याय असतो वस्तूचे वर्णन. बहुतेक नवे विद्यार्थी इथेच घसरतात, कारण ते न पाहता आठवून लिहितात. 'पोर्तुगीज शैली', 'भव्य', 'अप्रतिम कोरीवकाम' हे शब्द तुम्ही पाहिल्याचे सांगत नाहीत, पाहिले नसल्याचे सांगतात.

क्रम असा ठेवा:

1. पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीत. माहितीफलकही वाचायचा नाही.
2. साहित्य लिहा: चिरा (तांबडा जांभा दगड), काळा दगड, चुना, लाकूड, धातू. कळले नाही तर 'करडा, बारीक कणांचा दगड' असे लिहा. चुकीचे नाव देण्यापेक्षा हे बरे.
3. मोठ्या भागांकडून लहान भागांकडे या. मजले किती, खण किती, दारे-खिडक्या किती, मग नक्षी.
4. माप घ्या. उंच भिंतीला टेप पोचत नाही. उघडा चिरा असेल तर खालचे पाच थर सांध्यांसकट एकत्र मोजा, पाचने भागा, आणि वरपर्यंतचे थर मोजून गुणा. एकच थर मोजून गुणले तर सांध्याची चूक वरपर्यंत वाढत जाते. थर सर्वत्र सारखे दिसत नसतील तर मधल्या आणि वरच्या मजल्याचे वेगळे मोजा.
5. काय गेले आहे, काय नंतर आले आहे, ते शोधा. तडे, डागडुजी, सिमेंट, नवा रंग.
6. आता फलक वाचा, आणि तुमच्या वहीशी कुठे जुळत नाही त्यावर खूण करा.

पाचवी पायरी का महत्त्वाची, ते जुन्या गोव्यात बॉम जेझू इगर्जीसमोर कळते. बांधकाम १५९४ ला सुरू झाले, १६०५ मध्ये इमारत पवित्र करण्यात आली. आज ती तांबड्या, उघड्या चिऱ्याची दिसते, आणि दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी 'सतराव्या शतकातल्या कारागिरांनी चिऱ्याचा नैसर्गिक रंग खुलवला' असे लिहितो. तो रंग विसाव्या शतकाने खुलवला. बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी इमारत होती. शेजारची से कॅथेड्रल पाहिली की त्या पांढरेपणाची कल्पना येते. शिवाय चिरा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी पितो. गिलावा ही नटवण नव्हती, छत्री होती. दर्शनी भागावरचे कोरीव काम चिऱ्यात नाही, काळ्या बेसॉल्टमध्ये आहे. कारण साधे आहे: चिऱ्यात बारीक नक्षी टिकत नाही. खालून वर जाताना खांबांच्या माथ्यांचे प्रकार बदलत जातात. ते ओळखता येणे ही पहिल्या सहामाहीची पूंजी.

आत सेंट झेवियरची समाधी आहे. तिथे 'कर्ता कोण' या प्रश्नाचे एक उत्तर नाही. चांदीची पेटी १६३० च्या दशकात गोव्यातल्या सोनारांनी घडवली. खालचा संगमरवर आणि जास्पर दगडांचा चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची ती भेट, १६९८ मध्ये इथे बसवली. एकाच वस्तूची नोंद करताना दोन कर्ते, दोन ठिकाणे, दोन काळ लिहावे लागतात.

## ६. एक वस्तू, चार तारखा

देवळांबाबतचा सर्वांत मोठा गोंधळ काळाचा. 'हे देऊळ किती जुने?' या प्रश्नात चार प्रश्न लपलेले असतात: देवस्थान किती जुने, ही जागा कधीची, ही इमारत कधीची, आणि आज दिसणारा रंग-फरशी कधीची. वहीत चार रकाने आखा.

मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये देव नदीपलीकडे प्रियोळला हलवला. आजची इमारत त्याहून नंतरची, आणि तिच्यात नंतरही भर पडली. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. कवळ्याचे देऊळ अठराव्या शतकातले, छत्रपती शाहूंच्या काळातले. म्हणून 'प्राचीन देऊळ' असे एका शब्दात लिहिले की परीक्षक लाल शाई उचलतो. दैवत प्राचीन असेल, घुमट नाही. त्या घुमटाला कमी लेखण्याचेही कारण नाही. इगर्जी पाहिलेल्या कारागिरांनी देवळाच्या गरजेप्रमाणे नवी भाषा तयार केली. गोव्याचे देऊळ महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या देवळासारखे दिसत नाही ते याचमुळे.

तुलनेसाठी तांबडी सुर्लचे महादेव मंदिर पाहा. कदंबकालीन, काळसर दगडाचे, गर्भगृह-अंतराळ-मंडप असा सरळ क्रम, मंडपात नंदी, शिखर वरून अपुरे. सकाळी मंगेशी आणि दुपारी तांबडी सुर्ल असे एकाच दिवसात केले तर दोन्हींचे आराखडे शेजारी-शेजारी काढा. दिवसभराचे शिक्षण त्या एका पानात येते.

इगर्जींनाही हाच नियम. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस असिसी इगर्जीची आजची इमारत १६६१ ची, पण तिचे काळ्या दगडाचे प्रवेशद्वार त्या जागी आधी असलेल्या १५२१ सालच्या इगर्जीतून राखलेले. त्यावरची वर्तुळांची खगोलयंत्रे ही पोर्तुगालच्या मानुएल राजाची खूण. म्हणजे दार इमारतीपेक्षा सुमारे १४० वर्षांनी थोर. व्हाइसरॉयची कमान १५९९ ची म्हणून सांगतात, पण ती १९५३ मध्ये कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा उभारली.

## ७. ओळखण्यातल्या नेहमीच्या चुका

उजवे-डावे. मूर्तीचा उजवा हात म्हणजे मूर्तीचा, तुमच्या उजवीकडचा नव्हे. विष्णूची चोवीस रूपे शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात यावरच ठरतात. इथे चूक झाली की नावच बदलते. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो उलटा होऊ शकतो, तोही धोका लक्षात ठेवा.

संतांची ओळख चेहऱ्यावरून. ती हातातल्या वस्तूवरून करायची. किल्ल्या म्हणजे पीटर, बाण म्हणजे सेबास्त्यांव, चाक म्हणजे कॅथरीन, बाळ येशू आणि लिली म्हणजे आंतोनी. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलही सेंट कॅथरीनचीच आणि जवळचे छोटे कपेलही तिचेच. लिहिताना 'सेंट कॅथरीनचे चर्च' म्हणून सोडून देऊ नका.

'कॉन्व्हेंट'. आपल्याला नन आठवतात. पोर्तुगीज 'कोन्व्हेंतु' पुरुष संन्याशांच्या मठालाही म्हणतात. १९८६ च्या जागतिक वारसा यादीतल्या 'गोव्याच्या इगर्जी आणि कॉन्व्हेंट' या नावातला अर्थ तोच. मराठीत 'मठ' लिहिले तर बहुतेक वेळा बरोबर ठरते.

कावी, म्हणजे भिंतीवरची तांबडी-पांढरी नक्षी, हे रंगवलेले चित्र असल्याचा समज. कावी रंगवत नाहीत, खरवडतात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. मोरजीच्या मोरजाई देवळात पाहा. जुन्या कावीवर कोणी ऑइल पेंट फिरवला आहे का, हे कळण्यासाठी बाजूने टॉर्च धरा. खरवडलेल्या रेघेच्या कडेला बारीक सावली पडते, नुसत्या रंगाच्या रेघेला पडत नाही. हात लावून पाहू नका.

## ८. क्षेत्रभेटीची पिशवी, वेळ आणि परवानगी

पाच मीटरचा टेप, पेन्सिली, कोऱ्या पानांची वही, छोटा टॉर्च, होकायंत्र किंवा मोबाइलमधले होकायंत्र, दहा सेंटिमीटरची पट्टी आणि दुर्बीण. दुर्बिणीला लोक हसतात, पण वेदीच्या वरच्या भागातले संत तिच्याशिवाय ओळखता येत नाहीत. पट्टी फोटोच्या चौकटीत वस्तूच्या पातळीवर ठेवा. पुढे ठेवली तर पट्टी मोठी दिसते आणि वस्तूचे माप लहान निघते.

इमारत कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते होकायंत्रावर पाहा आणि प्रकाश समोरून नव्हे, कडेने येईल अशी वेळ निवडा. कुशावतीकाठच्या उसगाळीमळ येथील कोरीव चित्रांना हे फार लागू पडते. चिऱ्याच्या सपाट खडकावर बैल, चक्रव्यूहासारखी वर्तुळे असे बरेच काही आहे, पण ऐन दुपारी गेलात तर सपाट खडक तेवढा दिसेल. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरणे, पाणी किंवा तेल ओतणे, कागद ठेवून घासणे हे काहीही करू नका. अशाने चिऱ्याचे कण सुटतात. पावसाळ्यात नदी चढते, तेव्हा ही भेट ऑक्टोबरनंतरच ठरवा.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणे सोपे, ट्रायपॉडला मात्र आधी परवानगी लागते. सेंट फ्रान्सिस असिसीच्या बाजूचे त्यांचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. शुक्रवार मोकळा आहे म्हणून अख्खा वर्ग घेऊन जाणारे दर वर्षी निघतात. ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या आसपास जुन्या गोव्यात अभ्यासाला जाऊ नका. तेव्हा जायचे तर जत्रा पाहायला.

चालत्या देवळात परवानगी देवस्थान समितीकडून, म्हणजे महाजनांनी (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांनी) निवडलेल्या मंडळाकडून. पुजाऱ्याने 'घ्या फोटो' म्हटले ते पुरेसे नाही. गोव्यातला देवस्थानांचा कारभार आजही पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमावलीवर चालतो आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. समितीशी मतभेद झाल्यास पत्र कोणाला द्यायचे ते यावरून कळेल. गर्भगृहाचा फोटो मागूच नका. इगर्जीत विगाराला (तिथल्या मुख्य पाद्रीला) भेटा, मिसेची वेळ सोडून. दोन्हीकडे विभागाच्या पत्राबरोबर तुमच्या लेखाची प्रत नंतर देण्याचे कबूल करा, आणि ती खरोखर द्या. पुढच्या विद्यार्थ्याला दार उघडे राहते ते त्याच प्रतीमुळे.

## ९. ग्रंथालय, दप्तर आणि भाषा

पणजीच्या पाटोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची संस्था आहे. गोव्यावरची पुस्तके आणि जुनी मराठी-पोर्तुगीज वृत्तपत्रे इथे मिळतात. फडताळांवर भटकायचे असेल तर क्रमांक लक्षात ठेवा: ७०९ कलेचा इतिहास, ७२६ धार्मिक इमारती, ७३० शिल्प, ७५० चित्रकला. पण गोव्याच्या इगर्जींवरचे पुस्तक इतिहासाच्या ९५४ मध्येही बसवलेले असू शकते, म्हणून यादीत नावानेही शोधा.

आंजेलो द फोन्सेकांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आणि सांग्यात जन्मलेल्या आंतोनियो झेवियर त्रिंदादींची पणजीतल्या फोंताइन्हशमधल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत. लाकडी आणि हस्तिदंती मूर्तींसाठी जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय. सगळीकडे जाण्याआधी फोन करा.

पुराभिलेख खात्यात जाताना विभागाचे पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. शाईचे पेन बाहेर ठेवावे लागते. पहिल्याच वर्षी सोळाव्या शतकातली पोर्तुगीज हस्तलिपी वाचायला बसू नका, डोळे जातात आणि उत्साहही. आधी छापील पोर्तुगीज शिका. पणजीत कामोंइश संस्थेचे वर्ग असतात आणि विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. 'रेताब्लु' म्हणजे वेदीमागची उंच कोरीव मांडणी, 'ताल्या' म्हणजे लाकूडकाम, 'अझुलेजु' म्हणजे चित्रित फरशी, 'कपेला-मोर' म्हणजे मुख्य वेदीचा भाग. अशा तीस-चाळीस शब्दांवर पहिले वर्ष निघते. देवस्थानांच्या कागदांसाठी मोडी हवी. काही घराण्यांचे आणि देवस्थानांचे जुने लेखन गोयकानडी लिपीत आहे, त्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

शिकवणे बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी दोन रकान्यांची वही करावी. इंग्रजी संज्ञेसमोर आपली: अधिष्ठान, अंतराळ, देवकोष्ठ, कोनाडा, वेलबुट्टी. देवळांच्या बाबतीत तुमची वही वर्गातल्या इतरांपेक्षा श्रीमंत असेल, कारण हे शब्द तुम्ही घरी ऐकले आहेत.

## १०. लिहिणे आणि परीक्षा

प्रत्येक चित्राखालची नोंद याच क्रमाने: कर्ता, नाव, काळ, माध्यम, आकार, ठिकाण. आकारात उंची आधी, मग रुंदी, मग खोली, सेंटिमीटरमध्ये. कर्ता माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहून थांबू नका, 'गोव्यातील कारागीर' असे पुराव्याने म्हणता येत असेल तर तसे म्हणा. काळ अंदाजे असेल तर 'सुमारे' लावा, आणि अंदाज कशावरून तेही एका वाक्यात द्या.

इंटरनेटवरून घेतलेल्या फोटोवर वर्णन लिहू नका. रंग बदललेले असतात, कडा कापलेल्या असतात, आणि फोटो कोणत्या वर्षीचा ते कळत नाही. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचे १९३१ आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवा. त्या साली मनोऱ्याचा निम्मा भाग पडला.

वर्गातल्या परीक्षेत अनोळखी चित्र पडद्यावर दाखवून काळ आणि प्रदेश विचारतात. इथे पाठांतराचा उपयोग नसतो. आठवड्याला दहा चित्रांची पत्ते खेळण्याच्या आकाराची कार्डे करा, मागे नोंद लिहा, आणि बरोबर उत्तराबरोबर 'कशावरून ओळखले' हेही मोठ्याने सांगायची सवय लावा. पुढे अध्यापनात जायचे असेल तर यूजीसी-नेटमध्ये विषय 'दृश्यकला', क्रमांक ७९, आणि त्यात कलेच्या इतिहासाचा ऐच्छिक भाग आहे. इतिहासात एम.ए. केलेल्यांनी फॉर्म भरण्याआधी आपल्या पदवीला कोणता विषय घेता येतो ते त्या सत्राच्या पत्रकात तपासावे, कारण विषय चुकीचा निवडला हे प्रमाणपत्र हातात आल्यावरच कळते.